सायकलीची नखं

रेखाताई कुमरे सायकल चालवत गेल्या आणि ढकलत परत आल्या. डाव्या हातानं हँडल धरलेलं, उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली. मला वाटलं चेन उतरली असेल. त्या जवळ आल्या तेव्हा बोटांच्या फटीतून रक्त दिसलं.

मी त्यांना मूठ उघडायला लावली. अंगठ्याच्या खाली, तळहाताच्या मांसल भागावर एक सरळ चीर होती. पडल्यावर खरचटतं ते असं दिसत नाही. हे कशानं तरी कापलेलं होतं.

"उतरतानी सायकल कलली," त्या म्हणाल्या. "सावराले गेली अन् हात हँडलवरून सरकला. बस, एवढंच."

फर्स्ट एडच्या डब्यातलं औषध लावून मी पट्टी बांधली. मग त्यांचा हात जिथून सरकला असेल तिथून माझं बोट फिरवलं. ब्रेकचा लिव्हर गुळगुळीत होता. घंटी ठीक होती. मुठीच्या थोडं पुढे दिव्याची वायर आणि ब्रेकची वायर एकत्र बांधलेली होती. तिथं बोट थांबलं. बांधायला वापरलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीचं एक तिरकं टोक वर आलेलं होतं. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. आणि ब्लेडसारखं.

मी फिटर आहे. आयटीआय करून बाहेर पडले तेव्हा फिटर ट्रेडमध्ये बाई म्हणजे लोकांना गंमत वाटायची. वरोऱ्यात बाबांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे मला नाही वाटायची. पुढे कारखान्यांत काम केलं, मग सुट्ट्या भागांपासून सायकली जोडायची कामं घ्यायला लागले. सायकली कंपनीतून पूर्ण जोडलेल्या येत नाहीत. चाकं वेगळी, हँडल वेगळं, पॅडल पिशवीत. ज्या भागात वाटायच्या असतात तिथं एखादं गोदाम भाड्यानं घेऊन त्या जोडतात. यालाच असेंब्ली म्हणतात.

हे काम गोंडपिपरीत चालू होतं. एका संस्थेनं नदीपलीकडच्या जंगलातल्या गावांमधल्या आशाताईंसाठी सायकली द्यायचं ठरवलं होतं. पुढे बास्केट, मागे औषधांची पेटी ठेवायला रुंद कॅरिअर, पुढे-मागे बॅटरीचा दिवा. सायकल चांगली होती. ठेका नागपूरच्या एका ठेकेदाराकडे होता आणि सुपरवायझर म्हणून मी. रेखाताई त्याच आशाताईंपैकी एक. उंची जमते का, पेटी ठेवल्यावर तोल जातो का, हे बघायला मीच त्यांना बोलावलं होतं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. ट्रक दुपारी येणार होता.

आता या पट्टीबद्दल सांगते, कारण सगळं भांडण तिच्यावरून झालं. तिला केबल टाय म्हणतात. आमच्याकडे नुसतं टाय. एका बाजूला चौकोनी डोकं, त्याला भोक, आणि पुढे दातेरी शेपूट. शेपूट भोकातून ओढलं की पट्टी आवळते आणि मागे येत नाही. वायर बांधायला यासारखी सोपी वस्तू नाही. आवळून झालं की उरलेलं शेपूट कापायचं. इथंच लोक चुकतात. साध्या पकडीनं किंवा कैचीनं घाईत कापलं तर डोक्याच्या बाहेर थोडासा तुकडा उरतो, आणि तोही तिरका. हे प्लास्टिक चिवट असतं. त्याचं तिरकं टोक कातडीत जातं, साडीत अडकतं.

बरोबर कापायला फ्लश कटर लागतो. साध्या कटरच्या पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असतो. फ्लश कटरची एक बाजू सपाट असते. ती सपाट बाजू टायच्या डोक्याला टेकवायची आणि कापायचं. मग बाहेर काही उरतच नाही. कापण्याआधी डोकं पाइपच्या खालच्या बाजूला फिरवून घ्यायचं, म्हणजे हात किंवा पाय तिथं जाणार नाही. आणि शेपूट दुसऱ्या हातात धरायचं, नाहीतर तुटलेला तुकडा उडून डोळ्यात जातो. एवढंच शास्त्र. माझ्या टीममधल्या बायका हे तसंच करत होत्या.

पण काम लवकर संपावं म्हणून ठेकेदारानं नागपूरहून दुसरी टीम आणली होती. ते लोक शेजारच्या शेडमध्ये जोडायचे. त्यांच्याकडे काय अवजारं आहेत ते मला कोणी विचारलं नव्हतं, आणि बघायला गेले तर ठेकेदाराचे मॅनेजर म्हणायचे, तुम्ही तुमचं बघा. त्या दिवशी सकाळी हमालांनी त्या शेडमधल्या सायकली उचलून आमच्या गोदामात आणून लावल्या. माझ्या आणि त्यांच्या सायकली एकाच रांगेत मिसळल्या. दिसायला सगळ्या सारख्या.

मी रांगेतल्या पुढच्या सायकलींवरून हात फिरवत गेले. एक ठीक. दुसरी ठीक. तिसरीच्या फ्रेमवर, जिथं साडीचा काठ घासतो तिथं, टोक. चौथीच्या बास्केटखाली दोन टोकं. मग मी मोजणं सोडून दिलं.

रेखाताई माझ्या मागे मागे चालत होत्या. त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, आमच्या पाड्यावर एक बाळंतीण हाये. लेकरू लय बारीक हाये. रोज जाऊन त्याचं वजन करा लागते. या हातानं मी त्याले कशी घेऊ?"

 मी इतका वेळ साडीचा आणि कातडीचा विचार करत होते. ज्यांना सायकली द्यायच्या होत्या त्या सगळ्यांचं काम हातानंच होतं. बाळ धरायचं, जखमा बघायच्या, गोळ्या द्यायच्या. हातावर उघडी चीर असेल तर त्यांना स्वतःला धोका, आणि समोरच्यालाही. रेखाताईंच्या गावची नर्स दोन गावं पलीकडे राहायची. मी तिचा फोन त्यांना लावून दिला. तिनं सांगितलं, आज ती स्वतः जाईल, पण रोज जमणार नाही.

मग मी मॅनेजरला, चौधरींना, फोन केला.

चौधरी साहेब मोटरसायकलवरून आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनीही हाती पाना धरूनच सुरुवात केली होती, हे मला माहीत होतं. मी त्यांना सायकलीपाशी नेलं. त्यांनी बोट फिरवलं, झटकन मागे घेतलं, आणि पहिल्यांदा म्हणाले ते नागपूरच्या टीमला उद्देशून होतं. ते इथं लिहीत नाही. दुसऱ्यांदा मात्र मला म्हणाले, "ठीक हाये. पुढच्या लॉटले सांगून देतो."

"पुढच्या नाही, याच," मी म्हटलं. "सगळ्या सायकली पुन्हा बघायच्या. तोवर लोडिंग नाही."

"रामटेके बाई, उद्या कार्यक्रम हाये. मंडप टाकून झाला. पाहुणे येऊन राह्यले."

"येऊ द्या."

"अन् सायकली?"

"तयार होतील तेवढ्या जातील."

त्यांनी मला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. प्लास्टिकचं टोक आहे, तलवार नाही. चार दिवस वापरलं की घासून आपोआप बोथट होईल. आशाताईंना हातमोजे देऊ, ठेकेदार त्याला नाही म्हणणार नाहीत. शिवाय सायकलचे ब्रेक, चाकं, हँडल सगळं बरोबर आहे, आणि काम म्हणजे ते असतं. टाय ही फिनिशिंगची गोष्ट.

मी म्हटलं, "ज्या सायकलीनं चालवणारीचा हात कापतो ती तयार नाही. तिची चाकं कितीही सरळ फिरू द्या."

ते शेजारच्या शेडच्या दाराशी गेले. मग नागपूरच्या टीमला हाक मारली आणि लायटर आणायला सांगितलं. टोकं जाळून टाका, म्हणाले. मी नको म्हणायच्या आत एकानं सुरुवातही केली.

लायटर हा लोकांचा आवडता उपाय आहे. दिसायला सोपा वाटतो. पण प्लास्टिक वितळून त्याचा थेंब होतो आणि तो थंड झाला की कडक मणी बनतो. कधी गोल, कधी टोकदार. आणि ज्योत काही टायपुरती थांबत नाही. त्या माणसानं दुसऱ्याच सायकलीवर ब्रेकच्या वायरचं कव्हर भाजलं. काळं कव्हर मऊ पडून चपटं झालं. मी ब्रेक दाबून दाखवला. लिव्हर जेमतेम हलला, ब्रेक लागलाच नाही. आत वायर अडकली होती.

"आता ही सायकल उतारावर थांबणार नाही," मी म्हटलं. "हे फिनिशिंग का?"

चौधरींनी लायटर त्या माणसाच्या हातातून काढून आपल्या खिशात टाकला. आणि फोन करायला बाहेर गेले.

मी त्यांची वाट बघितली नाही. माझ्या टीमला बोलावलं आणि रांगेतली पहिली सायकल उलटी केली, म्हणजे सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. आम्ही काम असंच करतो. मग दुसरी, तिसरी. हळूहळू सगळं गोदाम उलट्या सायकलींनी भरलं. उलटी सायकल ट्रकमध्ये चढवता येत नाही. हे मी मुद्दाम केलं का, असं नंतर मला विचारलं गेलं. हो, मुद्दाम केलं.

पण अवजार कुठून आणायचं हा प्रश्न होता. आमच्याकडे फ्लश कटर थोडेच होते, आणि गेल्या काही दिवसांत वापरून त्यातल्या एकाचं पातं गेलं होतं. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात साधे कटर होते, फ्लश नव्हते. चंद्रपूरला माणूस पाठवून परत येईपर्यंत ट्रक येऊन उभा राहिला असता. शालू म्हणून माझी फिटर आहे, माझ्याबरोबर बरीच वर्षं काम करते. ती म्हणाली, "बाई, आपण घरी नखं कायनं कापतो?"

नेलकटर. पायाच्या नखांचा मोठा नेलकटर, ज्याचं पातं जवळजवळ सरळ असतं. तो टायच्या डोक्याला अगदी चिकटून बसतो आणि एका दाबात उरलेलं टोक उडवतो. मोठ्या कारखान्यात कोणी असं केलं तर हसतील. पण काम तेच होतं. शालूनं बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानातून होते तेवढे नेलकटर आणले. दुकानदारानं विचारलं म्हणे, एवढ्यांची नखं वाढली काय.

राहिली तपासणी. टोक कापलं गेलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, आणि दिवसभर बोट फिरवलं तर तपासणाऱ्याचंच बोट कापतं. म्हणून मी कापूस मागवला. आमच्या भागात कापूस शोधावा लागत नाही. शेजारच्या घरी गादी भरायला आणलेला होता, त्यांनी ओंजळभर दिला. टाय कापला की त्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा कापायचं. तंतू अडकला नाही तर सायकल सरळ करून भिंतीकडे. हे सगळ्यांना एका वाक्यात कळलं. नागपूरच्या टीममधल्या एकानं थोडा वेळ बघितलं आणि गुपचूप येऊन खाली बसला. मग बाकीचेही आले. मी त्यांच्याकडे नेलकटर सरकवले. त्यांच्याही हातावर बारीक बारीक ओरखडे होते.

चौधरी आत आले तेव्हा सगळे खाली बसून नेलकटर चालवत होते.

"सायकलीची नखं कापून राह्यल्या काय?" ते म्हणाले.

"हो," शालू म्हणाली. "वाढली होती."

कोणीतरी हसलं. चौधरी नाही हसले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे ठेकेदार होते. यांना मी एकदाच भेटले होते. बोलणं अतिशय गोड. आधी तब्येत विचारली. मग म्हणाले की माझ्या कामाबद्दल त्यांना आदर आहे, पण लहान गोष्टीचा एवढा मोठा विषय करणं बरं नाही. संस्थेसमोर त्यांचं नाव खराब होईल. आणि शेवटी, त्याच गोड आवाजात, की हे क्षेत्र लहान आहे, नागपूर ते सिरोंचा सगळे ठेकेदार एकमेकांना ओळखतात, आणि हट्टी सुपरवायझर कोणाला नको असतो.

मी घाबरले नाही असं सांगितलं तर खोटं होईल.  माझं घर याच कामावर चालतं. नवरा गेल्यापासून दुसरं उत्पन्न नाही. फोन कानाला लावून मी गोदामाच्या दारात उभी होते आणि समोर रेखाताई बाकावर बसल्या होत्या. जायला बस होती, तरी त्या गेल्या नव्हत्या. एका हातानं चहा पीत होत्या. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. बघितलं असतं तर मला कदाचित बोलायला जड गेलं असतं.

आयटीआयमध्ये आमचे एक मास्तर होते. ते बायांना मुद्दाम सोपी कामं द्यायचे आणि मग सगळ्यांसमोर म्हणायचे, बघा, हिला एवढंच जमतं. मी तेव्हा गप्प बसायचे आणि दिलेलं काम इतकं बारीक घासायचे की त्यांना चूक काढता येऊ नये. त्या दिवशी फोनवर मला तेच गप्प बसणं आठवलं, आणि राग आला. ठेकेदाराचा कमी, त्या जुन्या गप्प बसण्याचाच जास्त.

"साहेब," मी म्हटलं, "मले काढाचं असंल तर आत्ता काढा. मी गेट सोडून जाते. पण मग इथून बाहेर पडणाऱ्या सायकली कोणी पास केल्या ते उद्या स्टेजवरून सांगा लागंल. मी केल्या म्हणून सांगू नका."

 मग ते म्हणाले, चौधरीला द्या. मी फोन दिला. चौधरी बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "तुमाले काढलं नाई. पण ट्रक भरून पाठवा म्हणून सांगतलं. आता जे हायेत ते भरून पाठवा लागंल, बाई. माह्या हातात काई नाई."

तेवढ्यात ट्रक आलाच.

हमालांचे मुकादम मडावी भाऊ. वय झालेला, शांत माणूस. सकाळपासून त्यांची माणसं झाडाखाली बसून आमचा तमाशा बघत होती. चौधरी त्यांच्याकडे गेले आणि सायकली सरळ करून भरायला सांगितलं. मडावी भाऊ उठले. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. हमालांशी माझी ओळख चहापुरती होती. त्यांनी नाही म्हणावं असं काही कारण नव्हतं. ट्रक उभा राहिला की त्यांचंच नुकसान.

मडावी भाऊंनी सदऱ्याची गुंडी काढून खांदा उघडा केला. मानेपासून दंडापर्यंत लाल रेघा होत्या. सकाळी नागपूरवाल्यांच्या शेडमधून सायकली खांद्यावरून आणल्या तेव्हाच्या.

"आमाले वाटलं, कुठी तार निंगाली असंल," ते म्हणाले. "कोणी इचारलंच नाई. या बाईनं पाह्यलं." मग सदरा नीट करून चौधरींना म्हणाले, "बाई हो म्हणंल ते उचलू. बाकीच्या तुमी उचला."

आणि जाऊन परत झाडाखाली बसले. त्यांची माणसंही बसली.

चौधरी मधोमध उभे होते. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला उलट्या सायकली. मला त्यांची दया आली, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मधल्या माणसाचं काम सगळ्यात वाईट असतं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, ट्रकवाल्याला थांबायला सांगितलं, आणि मग येऊन माझ्याजवळ खाली बसले.

"एक नेलकटर द्या," ते म्हणाले.

त्यांचा हात अजून चांगला होता. पातं टायच्या डोक्याला टेकवलेलं, तुकडा उडू नये म्हणून दुसरा हात आडवा. शिकवावं लागलं नाही. काम करता करता एवढंच म्हणाले, "मी तुमच्या बाजूनं नाई बरं का. मले ट्रक भराचा हाये."

"कोणत्याही बाजूनं बसा," मी म्हटलं, "फक्त टोक सोडू नका."

उजेड होता तोवर आम्ही काम केलं. अर्ध्याच्या थोड्या वर सायकली तयार झाल्या. मडावी भाऊंच्या माणसांनी तेवढ्याच भरल्या, प्रत्येक सायकल उचलण्याआधी माझ्याकडे बघून. मी मान हलवली की उचलायचे. उरलेल्या उलट्याच ठेवून मी गोदामाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वैनगंगेवरचा आष्टीचा पूल ओलांडून पलीकडे गेलो. मार्कंड्याच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या पटांगणात मंडप होता. ठेकेदार स्वतः आले होते. सायकली कमी का, हे विचारायच्या आधीच त्यांनी संस्थेच्या मॅडमना सांगून टाकलं होतं की सुपरवायझर बाईंच्या अडचणीमुळे उशीर झाला. मॅडम माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट होती. त्यांनी विचारलं, नेमकी अडचण काय झाली.

मी ठरवून गेले होते की भाषण करायचं नाही. मी पर्समधून राहिलेला कापूस काढला आणि तिथं बसलेल्या आशाताईंना थोडा थोडा वाटला. सांगितलं की जी सायकल मिळेल तिच्या प्रत्येक काळ्या पट्टीवरून हा फिरवा. अडकला तर घेऊ नका, मला हाक मारा. मॅडमना सांगितलं की एका आशाताईंचा हात कापला, म्हणून थांबलो. राहिलेल्या सायकली दोन-तीन दिवसांत येतील, त्याही अशाच तपासून घ्या.

मंडपात पाहुणे भाषण करत होते आणि बाजूला बायका सायकलींभोवती बसून कापूस फिरवत होत्या. ठेकेदारांना ते आवडलं नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन दात आवळून विचारलं, हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, डिलिव्हरीची तपासणी आहे, साहेब. माल घेणाऱ्यानं करायचीच असते.

एका बाईनं हाक मारली. तिच्या सायकलीवर, मागच्या दिव्याच्या वायरला, एका टोकाला कापूस अडकला होता. आमच्या हातून सुटलं होतं. ठेकेदार माझ्याकडे बघून हसले. मी खिशातून नेलकटर काढला, सगळ्यांसमोर खाली बसले, टोक कापलं, त्या बाईला पुन्हा कापूस फिरवायला लावला. तिनं फिरवला आणि मान हलवली. मला लाज वाटली नाही. सुटलेलं टोक सापडावं म्हणूनच तर कापूस दिला होता.

मॅडमनी हे सगळं उभं राहून बघितलं. त्यांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही. फक्त ठेकेदारांना म्हणाल्या, राहिलेल्या सायकलीही याच बाईंनी पास केल्याशिवाय घेणार नाही. एवढं बोलून त्या पाहुण्यांकडे गेल्या.

उरलेल्या सायकली आम्ही दोन दिवसांत पूर्ण केल्या. भाजलेल्या वायरवाली सायकल नवी वायर टाकूनच दिली. रेखाताईंची जखम चिघळली नाही. आठवडाभर त्यांच्या पाड्यावर नर्स मधून मधून गेली, बाकीच्या दिवसांसाठी रेखाताईंनी बाळाच्या आजीला वजनकाटा वाचायला शिकवलं. बाळ वाढलं. त्या आता रोज सायकलनं जातात.

ठेकेदारांनी मात्र आपला शब्द पाळला. पुढच्या कामाला मला बोलावलं नाही, आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी दोघांनीही नाही. ते वर्ष ओढाताणीचं गेलं. मी वरोऱ्याला बाबांच्या जुन्या दुकानाच्या जागेत पुन्हा बसले. शालूही आली. आता आम्ही शाळांची आणि संस्थांची लहान कामं थेट घेतो, मध्ये ठेकेदार नाही. चौधरींनी एकदा त्यांच्या मुलीची सायकल जोडायला आणून दिली. स्वतः जोडू शकले असते. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, वेळ नाही.

लोक मला विचारतात, एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं? मी सांगते, मी काही सोडलं नाही, त्यांनी मला सोडलं. आणि त्या दिवसानंतर मला एक गोष्ट कळली. घाईत असलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याला वाटतं तेवढं अवघड नसतं. त्याच्याकडे आपल्याशी भांडायलाही वेळ नसतो.